चोरांचे आकडे आणि आकड्यांची चोरी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा म्हणजे एन.सी.आर.बी.चा वार्षिक अहवाल आला की प्रस्थापित वर्तमानपत्रांना चार दिवसांचे खाद्य मिळते. 'देशात चोऱ्या वाढल्या', 'अमुक शहर चोरांची राजधानी' असे मथळे झळकतात. वाहिन्यांवर निवृत्त अधिकारी येऊन बसतात आणि बोलता बोलता बोट वळते ते झोपडपट्टीकडे, पालाकडे, परप्रांतीय मजुराकडे. म्हणजे आपल्याकडे! चोरी म्हटली की या समाजव्यवस्थेच्या डोळ्यांसमोर ज्याचा चेहरा येतो तो कधी सूटबूटातला नसतो. तो अनवाणी असतो.

मी गेली अनेक वर्षे फौजदारी न्यायालयात वकिली करतो. मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन माणसे आली. पहिली आपल्याच वस्तीतली एक भगिनी. चार घरची धुणीभांडी करून मुलीच्या अभ्यासासाठी तिने हप्त्यावर मोबाईल घेतला होता. बसच्या गर्दीत तो चोरीला गेला. ती पोलीस ठाण्यात गेली तेव्हा तिला दोन तास बाकावर बसवून ठेवले आणि शेवटी हातात एक कागद दिला. त्यावर लिहिले होते, मोबाईल 'गहाळ' झाला. ती म्हणाली, "वकीलसाहेब, हरवला नाही हो, चोरला. माझ्या पिशवीला ब्लेड मारलंय." फाटलेली पिशवी तिने सोबत आणली होती. पोलिसांनी ती पाहिलीसुद्धा नव्हती.

दुसरा होता एका पारधी पालावरचा म्हातारा बाप. त्याच्या एकोणीस वर्षांच्या पोराला पहाटे पालावरून उचलले होते. एका घरफोडीच्या संशयावरून नेलेल्या त्या पोरावर रिमांडच्या दिवशी चार घरफोड्या लागलेल्या होत्या. चारपैकी दोन घरफोड्यांच्या रात्री तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात होता, असे बाप सांगत होता. मुकादमाची वहीही दाखवायला तयार होता. पण वही बघतो कोण?

वाचकहो, या दोन्ही घटना सरकारी आकडेवारीत जमा झाल्या आहेत. पहिलीत एक खरी चोरी आकड्यातून गायब झाली. दुसरीत 'उघडकीस न आलेल्या' चार चोऱ्या एका फटक्यात 'उघडकीस' आल्या. चोरांचे आकडे असे तयार होतात. म्हणून आज आपल्याला चोरांच्या आकड्यांबरोबरच आकड्यांच्या चोरीचाही विचार करायचा आहे.

साठ वर्षांचा आलेख काय सांगतो?

भारतातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून उपलब्ध आहे. तो नीट चाळला तर पहिलीच गोष्ट चकित करते. १९५३ साली देशात घरफोडीचे सुमारे १ लाख ४७ हजार गुन्हे नोंदले गेले होते. २०१० साली हा आकडा सुमारे ९० हजारांवर आला. या काळात देशाची लोकसंख्या तिपटीहून अधिक झाली. म्हणजे १९५३ मध्ये दर लाख लोकांमागे सुमारे ४० घरफोड्या नोंदल्या जात होत्या, त्या २०१० मध्ये आठाच्या आत आल्या. दरोड्यांचेही तसेच. १९८१ साली साडेचौदा हजारांच्या घरात असलेले दरोडे २०११ पर्यंत सव्वाचार हजारांच्या आसपास उतरले. जबरी चोऱ्या मात्र ८ हजार ४०० वरून २३ हजारांच्या पुढे गेल्या. तेवढाच आकडा सांगून घाबरवणारे पुष्कळ आहेत. पण लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर तिथेही वाढ नाही, किंचित घटच आहे.

साध्या चोरीचा आलेख आणखी विचित्र आहे. २००१ साली देशभरात चोरीचे गुन्हे अडीच लाखांच्या आसपास होते. २०१३ मध्ये ते पावणेचार लाखांच्या जवळ गेले आणि २०१९ मध्ये थेट पावणेसात लाखांवर! २०२० साली टाळेबंदीत ते पाच लाखांच्या खाली आले आणि २०२२ पर्यंत पुन्हा साडेसहा लाखांच्या घरात पोहोचले. आता कोणीही विचारील, २०१३ ते २०१९ या सहा वर्षांत या देशातील माणसे एकाएकी एवढी चोर कशी झाली?

झाली नाहीत. चोर वाढले त्यापेक्षा नोंदी जास्त वाढल्या. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात निकाल दिला की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, ती त्यांच्या मर्जीची बाब नाही. त्याच सुमारास दिल्ली पोलिसांनी खरी नोंद करण्याचे धोरण घेतले. परिणाम बघा. दिल्लीत भारतीय दंड संहितेखालील एकूण गुन्हे २०१२ साली सुमारे ५४ हजार होते, ते २०१५ साली १ लाख ९१ हजारांवर गेले. त्या वाढीतला फार मोठा वाटा चोरीच्या नोंदींचा होता. २०१५ पासून वाहनचोरीची आणि पुढे इतर चोरीची तक्रारही तिथे ऑनलाइन करता येऊ लागली. ठाण्यातल्या बाकावर बसून साहेबाच्या मर्जीची वाट पाहण्याची गरज संपली आणि दडलेला आकडा वर आला. तीन वर्षांत दिल्लीकर साडेतीन पट गुन्हेगार झाले, असे कोणी म्हणेल काय?

याच्या उलट जिथे पोलीस नोंदच करत नाहीत ते राज्य कागदावर रामराज्य ठरते! म्हणून 'अमुक राज्यात गुन्हे कमी' ही बातमी वाचताना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की गुन्हे कमी की नोंदी कमी? आय.डी.एफ.सी. इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरू या चार शहरांत केलेल्या पाहणीत आढळले होते की चोरी झालेल्यांपैकी एफआयआरपर्यंत पोहोचणारे दहा टक्केही नाहीत. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक चोऱ्या सरकारच्या हिशेबी घडलेल्याच नाहीत.

मग नोंद होते कोणाची? ज्याला विम्याचे पैसे हवेत त्याची, कारण एफआयआरशिवाय विमा कंपनी दाद देत नाही. मोटारगाडीची चोरी म्हणूनच कागदावर येते. आणि ज्याच्या एका फोनवर वरिष्ठ अधिकारी हलतो त्याची. आमच्या भगिनीच्या मोबाईलला ना विमा, ना वशिला. शेळी गेली, सायकल गेली, हातगाडीवरचा गॅस सिलिंडर गेला, बांधकामावरच्या मजुराच्या ट्रंकेतले पगाराचे पैसे गेले, याची नोंद कुठे आहे? गरिबाच्या घरी चोरी होते हेच या व्यवस्थेला मान्य नाही. गरीब फक्त चोरी करतो, अशी तिची ठाम समजूत आहे.

पाच हजारांची रेषा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचे जुने कलम ३७९ गेले आणि कलम ३०३ आले. त्यात एक तरतूद अशी आहे की चोरीस गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपीला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला तुरुंगवासाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यावी. वरवर पाहता ही तरतूद माणुसकीची आहे. पोटासाठी किरकोळ चोरी केलेल्याला तुरुंगात सडवू नये, या तत्त्वाला आपला विरोध असण्याचे कारण नाही.

पण कायदा वाचताना शेवटचे पानही वाचावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत अशी पाच हजारांखालची चोरी 'अदखलपात्र' करण्यात आली आहे. याचा अर्थ, तुमची चार हजारांची वस्तू गेली तर पोलीस एफआयआर नोंदवणार नाहीत, फक्त अदखलपात्र नोंद करतील. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासही करणार नाहीत. ललिता कुमारी निकालाचे जे कवच गरिबाला मिळाले होते ते दखलपात्र गुन्ह्यापुरते होते. पाच हजारांची रेषा ओढून ते कवच अलगद काढून घेतले गेले.

श्रीमंताच्या घरात पाच हजार म्हणजे एका संध्याकाळचे जेवण. मोलकरणीच्या घरात ती महिन्याची चूल असते. तिचा जुना मोबाईल, तिची शेळी, तिच्या नवऱ्याची सायकल यांची किंमत ठाण्यातला अंमलदार ठरवणार आणि ती चार हजार नऊशे नव्याण्णव ठरवायला त्याला कितीसा वेळ लागतो? माझा पक्का अंदाज आहे की पुढील काळात चोरीचे सरकारी आकडे घसरतील आणि नव्या कायद्यांमुळे चोऱ्या आटोक्यात आल्याच्या जाहिराती झळकतील. त्या दिवशी हा लेख आठवा.

या तरतुदीत आणखी एक सापळा आहे. कोठडीतल्या गरीब पोराला सांगितले जाते, "गुन्हा कबूल कर, समाजसेवा करून सुटशील." तो निरपराध असला तरी कबूल करतो, कारण त्याला घरी जायचे असते. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. त्याच कलमात पुढे लिहिले आहे की दुसऱ्यांदा दोषसिद्धी झाली तर किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. म्हणजे आजची 'सुटका' हा उद्याच्या 'सराईत गुन्हेगारा'चा पहिला दाखला ठरतो. वकील नसलेल्या आरोपीला हे सांगणार कोण?

जन्माने गुन्हेगार!

आता दुसऱ्या बाजूला वळू. चोर म्हणून धरले कोणाला जाते? या प्रश्नाचे उत्तर १८७१ सालात आहे. त्या वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर नेला. जातीने सुतार तो सुतारकी करतो, तसा काही जातींचा धंदाच चोरीचा, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते. हे तर्कशास्त्र इंग्रजांना कोणी शिकवले? जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून लायकी ठरवणारी चातुर्वर्ण्याची शाळा इथे आधीपासूनच चालू होती. साहेबाने तिचा फक्त कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटा, बेरड, कंजारभाट अशा कितीतरी जमातींची माणसे काटेरी तारांच्या सेटलमेंटमध्ये कोंडली गेली. सोलापूरची सेटलमेंट आजही जुन्या माणसांच्या स्मरणात आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. हे लोक मुक्त झाले ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, पाच वर्षे आणि सोळा दिवस उशिरा.

या अन्यायाविरुद्ध स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी कृती करणारा राजा आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात या जमातींची हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना आसरा आणि काम दिले. ज्यांना जग चोर म्हणत होते त्यांच्यावर पहाऱ्याची जबाबदारी टाकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विच्छेदन' या १९३६ च्या ग्रंथात हिंदू समाजालाच जाब विचारला की तुमच्या शेजारी लाखो माणसे गुन्हेगार म्हणून जगत राहिली आणि तुम्हाला त्यांच्यासाठी काही करावेसे का वाटले नाही? त्याचे कारण जातीत आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. गुन्ह्याचे मूळ त्यांनी माणसाच्या रक्तात शोधले नाही. ते समाजाच्या रचनेत शोधले.

कायदा गेला, पण त्याच्या जागी निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगार कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हे कायदे रद्द करण्याची शिफारस २००० साली केली. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये तेच सांगितले. रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, त्यानंतर इदाते आयोग नेमला गेला. अहवालांची चळत वाढली, पण पालावरची पहाटेची धाड थांबली नाही. १९९८ साली पश्चिम बंगालात बुधन सबर या शबर जमातीच्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला तेव्हा महाश्वेता देवींच्या पुढाकाराने प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला. त्याच्या आधी दहा वर्षे, १९८८ मध्ये, लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. पुस्तकाला पुरस्कार मिळतो, पुस्तकातल्या माणसाला मात्र मार मिळतो, ही या देशाची रीत आहे.

याचे सर्वात भयंकर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. २००३ सालच्या एका दरोडा, खून आणि बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांना दोषी धरले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी पक्की केली. त्यांच्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता! पुढे ५ मार्च २०१९ रोजी अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता, हे तिथे उघड झाले. सोळा वर्षे तुरुंगात, त्यातली कितीतरी फाशीच्या छायेत! आणि खरे दरोडेखोर? ते मोकळेच राहिले. जातीवरून चोर धरण्याचा हा दुहेरी गुन्हा आहे. निरपराध आत जातो, अपराधी बाहेर राहतो आणि ज्याच्या घरी गुन्हा घडला त्यालाही न्याय मिळत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. निकाल ऐतिहासिक आहे. परंतु तो ठाण्याच्या उंबरठ्याच्या आत नेण्याचे काम न्यायाधीश करणार नाहीत, ते आपल्यालाच करावे लागेल.

तुरुंगाची आकडेवारीही हेच बोलते. केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ अखेर देशातील कैद्यांपैकी सुमारे ६६ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले होते. २०२२ अखेर देशातील पावणेसहा लाख कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही आणि तरी ते आत आहेत. कारण जामिनाला लागणारा सातबारा त्यांच्याकडे नाही.

नव्या संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदा आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की जामिनाची सवलत दिली. गाजावाजा झाला. पण त्याच कलमाचे दुसरे पोटकलम म्हणते की एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही! आता त्या पारधी पोराकडे पुन्हा बघा. एका संशयावर चार गुन्हे का लावले गेले, याचे व्यवहारी उत्तर इथे सापडते. ठाण्याचे 'डिटेक्शन' वाढते आणि पोराच्या जामिनाचे दार आपोआप बंद होते. त्यात कलम ११२ ने 'किरकोळ संघटित गुन्हा' नावाचा नवा प्रकार आणला आहे. टोळीने केलेली पाकीटमारी, दुकानातील चोरी, गाडीतील चोरी यांना एक ते सात वर्षे शिक्षा! बापलेक आणि दोन चुलतभाऊ एका पालावर राहतात, ते कुटुंब की टोळी, हे ठरवणार कोण? ज्याच्या डोक्यात १८७१ चा कायदा अजून जिवंत आहे, तोच ना?

खरा माल कुठे जातो?

चोरीचे स्वरूप बदलले आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. भिंत फोडून तिजोरीपर्यंत जाण्याची गरज आता राहिलेली नाही. एन.सी.आर.बी.च्या नोंदीत सायबर गुन्हे २०१८ साली २७ हजार २४८ होते, ते २०२३ साली ८६ हजार ४२० झाले. त्यांतले निम्म्याहून कितीतरी अधिक गुन्हे फसवणुकीचे आहेत. केंद्रीय गृह खात्याने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत लोकांचे २०२३ साली ७ हजार ४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ साली २२ हजार ८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट! म्हणजे रोज सुमारे ६२ कोटी रुपये. यातही शेवटी पकडला जातो कोण? दोन-तीन हजारांच्या आमिषाने ज्याने आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला दिले तो बेकार तरुण. आपल्या वस्त्यांतील पोरे या जाळ्यात ओढली जात आहेत, हे मी न्यायालयात रोज पाहतो. पैसा पुढे निघून जातो आणि खातेदार आत जातो.

बँका बुडवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. २०१८ साली उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँक घोटाळ्याची रक्कम तेरा हजार कोटींहून अधिक होती. पाच हजारांचा एक मोबाईल धरला तर दोन कोटी साठ लाख मोबाईल चोरल्यावर एवढी रक्कम होते! पण चोरीच्या आकड्यात तो घोटाळा फार तर एक गुन्हा म्हणून मोजला जातो, तोही 'चोरी' या सदरात नव्हे. एकाच घटनेत अनेक गुन्हे असतील तर एन.सी.आर.बी. त्यांतला सर्वात गंभीर तेवढाच मोजते. तिथे नग मोजले जातात, नुकसान नव्हे. म्हणूनच पाकीटमाराचा एक आणि बँकबुडव्याचा एक, असे दोघे कागदावर समान ठरतात. फरक एवढाच की पाकीटमाराच्या घरी पहाटे लाथ मारून दार उघडले जाते आणि बँकबुडव्याला विमानतळापर्यंत वाट मोकळी मिळते.

तथागतांचे अर्थशास्त्र

इथे कोणी म्हणेल, वकीलसाहेब चोरांची बाजू घेत आहेत. मुळीच नाही. पंचशीलातील दुसरे शील आपल्याला जे दिलेले नाही ते न घेण्याचे आहे आणि ते पाळणे हा आपल्या धम्माचा पाया आहे. ज्या भगिनीचा मोबाईल गेला तिच्या बाजूने मी जितका उभा आहे तितकाच त्या निरपराध पोराच्या बाजूने. या दोन बाजू वेगळ्या नाहीत. ज्या ठाण्याने तिची चोरी गहाळ केली त्याच ठाण्याने त्याचे निरपराधित्वही गहाळ केले.

परंतु चोरी थांबते कशाने, याचा विचार तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी केला होता. दीघ निकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्तात क्रम स्पष्ट आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली, चोरी थांबवायला राजाने शिरच्छेद सुरू केला, तर लोकांनीही शस्त्रे हाती घेतली आणि हिंसा वाढली. कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की चोर-लुटारूंचा उपद्रव दंडाने मिटत नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या, म्हणजे लोक दारे उघडी टाकून निर्धास्त राहतील. गुन्हेगारीवर याहून शहाणे भाष्य कोणत्या आयोगाने केले आहे? जे राज्यकर्ते कंत्राटी भरती करून तरुणांच्या नोकऱ्या गिळतात, शिष्यवृत्त्या अडवून ठेवतात आणि मग चौकाचौकांत कॅमेरे बसवून सुरक्षिततेची भाषा करतात, त्यांनी ही सुत्ते वाचली पाहिजेत.

आपण काय करायचे?

केवळ व्यवस्थेला शिव्या देऊन चळवळ पुढे जात नाही. काही कामे आपल्या हातातली आहेत. पहिले, चोरी झाली तर 'गहाळ' लिहिलेल्या कागदावर सही करू नका. तक्रार स्वतः लेखी द्या, तीत 'चोरी' हा शब्द, वस्तूची खरी किंमत आणि शक्य तर खरेदीची पावती जोडा, आणि पोच घ्या. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. ऑनलाइन तक्रार केली तर तीन दिवसांत सही करावी लागते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकाकडे आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

दुसरे, साध्या चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे अर्नेश कुमार निकालाने २०१४ सालीच सांगितले आहे. अटकेची कारणे लेखी मागा. नातेवाईकाला कळवण्याचा हक्क डी. के. बसू निकालाने १९९६ पासून दिला आहे. कोठडीतील प्रत्येक माणसाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. वकील येईपर्यंत कोणतीही कबुली देऊ नका.

तिसरे, आपल्या विहारांत आठवड्यातून एक संध्याकाळ कायदा साहाय्यासाठी ठेवा. आपल्यातून शेकड्यांनी वकील झाले आहेत. बाबासाहेबांची पदवी आणि त्यांचा काळा कोट मिरवायचा असेल तर त्यांची वाटही चालावी लागेल. तालुक्याच्या प्रत्येक न्यायालयात आपले दोन वकील विमुक्त-भटक्यांच्या रिमांडला विनाशुल्क उभे राहतील, एवढा संकल्प या १४ एप्रिलला करायला काय हरकत आहे? मिरवणुकीच्या डीजेवर जो खर्च होतो त्यात कितीतरी पोरांचा जामीन होईल.

आणि शेवटचे, जे आपल्या स्वतःच्या मनाशी संबंधित आहे. वस्तीत चोरी झाली की आपणही 'पारधी आले असतील' असे पटकन बोलून जातो. एकेकाळी गावात काही हरवले की महारवाड्याकडे बोट दाखवले जात होते, हे आपण इतक्या लवकर कसे विसरलो? ज्या बोटाने आपल्या आजोबाला चोर म्हटले तेच बोट आपण दुसऱ्यावर उगारत असू, तर नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण नेमके काय सोडून आलो?

तो पारधी मुलगा सात महिन्यांनी जामिनावर सुटला. मुकादमाची वही शेवटी न्यायालयाने पाहिली. त्या भगिनीचा मोबाईल मात्र अजून मिळालेला नाही. पण तिची तक्रार आता 'चोरी' म्हणून नोंदली गेली आहे. पुढच्या अहवालातील लाखो आकड्यांत तिचा एक आकडा असेल. तो खरा असेल. लढाईची सुरुवात अशीच एकेका खऱ्या नोंदीपासून होत असते.

जय भीम!